फेराच्या मधोमध

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक चित्र पाहा. गुडगावातल्या एका उंच, नव्याकोऱ्या इमारतीची गच्ची आहे. नवरात्रातली संध्याकाळ आहे. खाली शेते आहेत आणि शेतांमध्ये जागोजाग सिमेंटचे खांब उगवले आहेत. गच्चीवर मुली एकमेकींचे हात धरून गोल फिरत आहेत आणि भोंडल्याची गाणी म्हणत आहेत. तुम्ही त्या फेराच्या अगदी मधोमध, जमिनीलगत आहात. तुमच्या पाठीवर रांगोळीने हत्ती काढला आहे, म्हणून तुम्हाला हलता येत नाही. चेहरे तुमच्यापासून फार उंच आहेत. तुम्हाला दिसतात ती फक्त पावले.

दिसली? मग आता तुम्ही मी झालात. मी एक जुना पाट आहे.

माझा जन्म करोल बागेतला. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी घरांमध्ये मराठी कारकुनांची कुटुंबे राहायला आली, त्या काळची ही गोष्ट. त्यांच्या मंडळाने गणपतीत नाटक बसवले होते आणि नायिकेला बसायला पाट हवा होता. ज्या सुताराकडे ते गेले, त्याने आयुष्यात पाट पाहिला नव्हता. मंडळींनी हातवारे करून त्याला समजावले, की हे खाली बसायचे असते आणि जेवताना वापरतात. त्याने मान डोलावली आणि चांगले सागवान घेऊन मनापासून काम केले. कोपऱ्यांत पितळेची चार फुले ठोकली. फक्त पाय जरा उंच केले. त्यामुळे मी पाट म्हणायला उंच आणि चौरंग म्हणायला ठेंगणा झालो. मंडळात यावर पुष्कळ हसणे झाले. खंडेराव म्हणून एक खजिनदार होते, ते तर मला परत द्यायला निघाले होते. पण नायिका माझ्यावर बसली आणि म्हणाली, "राहू द्या. यावर पदर छान पसरतो."

ती नायिका म्हणजे तात्यासाहेब.

तुम्हाला नवल वाटेल. तेव्हा त्या घरांतल्या बायका रंगमंचावर यायला तयार नसत. बायकांची कामे करायला कोणी मिळेना, म्हणून मंत्रालयातल्या एका तरुण कारकुनाला लुगडे नेसवले. तो कारकून तात्यासाहेब. त्यांना लुगडे त्यांच्या पत्नी, द्वारकाबाई, नेसवीत. निऱ्या नीट करताना त्या म्हणायच्या, "अहो, तुम्हाला हे माझ्यापेक्षा शोभतं. रात्री घरी कोण येणार आहे, माझा नवरा की ही बया?"

तात्यासाहेब हसत. आणि मग ते माझ्यावर येऊन बसत. मित्रांनो, माझ्यावर पुष्कळ माणसे बसली. कोणी धपकन बसते, कोणी अवघडून, कोणी जेवण केव्हा येते याकडे डोळे लावून. तात्यासाहेबांइतके सुखाने कोणीच बसले नाही. त्यांचा सगळा देह जणू सैल होऊन जागच्या जागी येई. प्रयोग संपला, की बाकीचे नट भराभर रंग पुसत. तात्यासाहेब तसेच लुगड्यात राहत, लोकांना चहा देत, बायकांच्या घोळक्यात बसून बोलत. लोक म्हणत, वा तात्या, वा. त्यांना शाल आणि नारळ मिळाला. लुगड्यातला त्यांचा फोटो चौकटीत बसवून मंडळाने त्यांना भेट दिला.

पुढे त्यांना बढती मिळाली. एका वरिष्ठाने हसत हसत विचारले, की फायलींवर सही साहेब करणार का बाईसाहेब. बस्स, एवढेच. त्या वर्षीपासून तात्यासाहेबांनी नाटक सोडले. मंडळाने मला त्यांच्या घरी पोचवले आणि फोटो दिवाणखान्यात लागला. पाहुणे आले, की ते फोटोकडे बोट दाखवून सांगत, "आमच्या तरुणपणचे उद्योग." सांगताना आवाज असा ठेवत, की फोटोतले माणूस दुसरेच कोणी असावे.

मी घरच्या कामाला लागलो. जेवणे, हळदीकुंकू, बारशी. द्वारकाबाई गेल्या, तेव्हा त्यांची तसबीर माझ्यावर ठेवली होती. वर्षे गेली. तात्यासाहेबांचा मुलगा विश्वनाथ मोठा झाला, शिकला, त्याचे वीणाशी लग्न झाले. मग देशात नवे वारे वाहू लागले. परदेशी गाड्या आल्या, त्यांचे सुटे भाग करणारे कारखाने आले. विश्वनाथने सरकारी नोकरी सोडली आणि मानेसरच्या अशाच एका कारखान्यात तो लागला. रोज सकाळी कंपनीची बस त्याला न्यायला येई. घर गुडगावच्या नव्या इमारतीत हलले. लिफ्ट होती, जनरेटर होता, दारात पहारेकरी होता. जुने सामान पुष्कळसे टाकून दिले. मला टाकले नाही, कारण वीणा म्हणाली, सणावाराला एक तरी लाकडी वस्तू असू दे.

त्यांना एक मूल होते. नाव मोठे भारदस्त ठेवले होते, राजवर्धन. घरात राजा म्हणत. ते मुलगा आहे की मुलगी, हे बाकी सगळ्यांनी जन्मताच ठरवून टाकले होते. मला घाई नव्हती. मी आपला त्याला मूलच म्हणतो.

नव्या इमारतीत पहिल्या नवरात्रात वैजयंतीबाईंनी भोंडला करायचे ठरवले. या बाई विश्वनाथच्या साहेबांच्या पत्नी. त्या वरच्या मजल्यावर राहत आणि इमारतीतल्या मराठी लोकांचे सगळे त्याच ठरवीत. पण फेर धरायला मुलीच नव्हत्या. तीन-चार मराठी, एक बंगाली आणि शेजारची पंजाबी सोनम. वैजयंतीबाई आमच्या घरी मला न्यायला आल्या, तेव्हा त्यांनी खेळणाऱ्या राजाकडे पाहिले.

"वीणा, मुली कमी पडतायत गं. याला घाल एखादा परकर. लहान तर आहे, काय होतंय?"

वीणाने आपल्या जुन्या साडीचा परकर शिवला. हिरवा, लाल काठांचा. केसांना लाल रिबीन बांधली आणि मुलाला गच्चीवर आणले.

त्या संध्याकाळी मी माझ्याभोवती फिरणारी सगळी पावले पाहिली. मुली कंटाळत होत्या, खाजवत होत्या, मध्येच थांबत होत्या. एकच जोडी अशी होती, की तिला थांबायचेच नव्हते. परकराचा घेर माझ्या कडेला लागून जाई आणि पुन्हा येई. खिरापत ओळखायची वेळ आली. दिल्लीत वाढलेल्या त्या मुलींना आपल्या पदार्थांची नावे ठाऊक नव्हती. सोनम म्हणाली, मॅगी? सगळ्या हसल्या. राजाने हात वर करून सांगितले, "वाटली डाळ," आणि ते बरोबर निघाले. वैजयंतीबाईंनी त्याचा गालगुच्चा घेतला आणि विचारले, तू राजा की राणी?

"दोन्ही," मूल म्हणाले.

सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढले. किती गोड आहे नाही, असे जो तो म्हणाला. त्या रात्री मुलाने परकर सोडला नाही, तसाच घालून झोपले. वीणाने त्याला तसे झोपू दिले.

पुढची दोन नवरात्रेही अशीच गेली. मूल वर्षभर वाट पाही. परकर आखूड झाला, तेव्हा वीणाने खाली पट्टी जोडली. शाळेतून घरी आले, की ते दप्तर टाकी, परकर घाली आणि मला खोलीच्या मधोमध ओढून माझ्याभोवती एकटेच फिरे. केसही मानेखाली आले होते. शाळेतल्या बाईंनी केस कापून आणा म्हणून सांगितले, तेव्हा मुलाने जेवण सोडले. वीणाला ते पाहवेना. ती शाळेत गेली आणि चक्क खोटे बोलली. आमच्या घरी नवस आहे, मुंज होईपर्यंत मुलाच्या केसांना कात्री लावायची नाही, असे तिने सांगितले. देवाधर्माचे नाव निघताच बाई गप्प झाल्या. वीणाने मग हेच वैजयंतीबाईंना सांगितले, हेच शेजाऱ्यांना सांगितले. सासऱ्यांनाही हेच सांगितले. आईने आपल्या मुलासाठी एवढे आडोसे उभे केले होते, मित्रांनो, की तिला वाटले, आता वारा लागणार नाही.

चौथ्या वर्षी शेजारी दुसरी इमारत उभी राहिली. पुण्याहून, मुंबईहून, नागपूरहून बदलीची माणसे आली. त्यांच्या मुली आल्या. त्या वर्षी गच्चीवर फेर एवढा मोठा झाला, की मला मधोमध ठेवायला नीट मोजमाप करावे लागले. राजा आठ वर्षांचा होता. तेच मूल, तोच परकर, तीच रिबीन. ते धावत आले आणि फेरात शिरले. एका बाजूने त्याने सोनमचा हात धरला, दुसऱ्या बाजूने एका नव्या मुलीचा.

नव्या मुलीची आई म्हणाली, "अय्या, हा मुलगा आहे?"

वैजयंतीबाईंनी ते ऐकले. नव्या लोकांसमोर त्यांना कसेतरीच झाले असावे. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "राजा, बाहेर ये पाहू. आता मुली पुरेशा आहेत."

"पण आंटी, मी पण आहे ना."

"तू आता घोडा झालास. बायल्या म्हणतील तुला सगळे. चल, हो बाजूला."

मूल हलले नाही. त्याला वाटले, ही नेहमीची थट्टाच असेल. म्हणून त्याने आपणहून सांगितले, की मी दोन्ही आहे. तीन वर्षे त्या उत्तराला टाळ्या मिळाल्या होत्या. या वेळी कोणी टाळी वाजवली नाही. एक बाई तोंडाला पदर लावून हसली, तिला पाहून दुसरी हसली आणि मग मुलीही हसू लागल्या. ते गोड दिसण्याचे दिवस संपले होते, आणि ते कोणत्या दिवशी संपले, हे मुलाला कोणीच सांगितले नव्हते.

वैजयंतीबाईंनी मग आवाज गोड करून मुलींना सांगितले, की जी याचा हात धरील तिला खिरापत मिळणार नाही. नव्या मुलीने हात लगेच सोडला. सोनमने थोडा वेळ धरून ठेवला. मग तिच्या आईने तिला हाक मारली आणि तिनेही सोडला. फेर पुन्हा जुळला. लाल काठ फेराच्या बाहेर गेला आणि तिथेच उभा राहिला. मुली माझ्याभोवती फिरत राहिल्या. त्यांच्या पावलांच्या फटींतून मला तो काठ दिसत होता. खिरापत संपेपर्यंत तो हलला नाही.

दुसऱ्या दिवशी विश्वनाथच्या साहेबांनी त्याला चहाच्या वेळी विचारले, की यार, घरी सगळं ठीक आहे ना, मुलाकडे जरा लक्ष द्या. विश्वनाथ घरी आला. तो मुलावर ओरडला नाही. त्याने वीणाला परकर आणायला सांगितला आणि कात्री तिच्या हातात दिली. तूच शिवलास, तूच काप. मुलाला त्याने समोर खुर्चीवर बसवले होते. वीणाने परकराचे चार तुकडे केले. दुसऱ्या सकाळपासून त्या तुकड्यांनी घरातली धूळ पुसली जाऊ लागली. मलाही त्याच तुकड्यांनी पुसले. मूल शाळेला जाताना रोज ते पाहत असे.

आता त्या घरात आपल्या बाजूचे एकच माणूस राहिले, असे मुलाला वाटले. भिंतीवर तो फोटो होता. आपले आजोबा लुगडे नेसून बसले आहेत, त्यांना शाल मिळाली आहे, पाहुणे आले की सगळे त्यांचे कौतुक करतात, हे मूल जन्मापासून पाहत आले होते. ते तात्यासाहेबांजवळ गेले. म्हातारे माझ्याशेजारीच आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. मुलाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आजोबा, तुम्हाला लुगडं नेसून छान वाटायचं ना?"

तात्यासाहेबांनी वर्तमानपत्र खाली केले. त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. मला वाटले, आता ते होय म्हणतील. माझ्याइतके ते कोणाला ठाऊक होते?

"ते नाटक होतं," ते म्हणाले.

"पण छान वाटायचं ना?"

"नाटक होतं, म्हटलं ना. तुझं नाटक कधी संपणार आहे?"

मुलाने थोडा विचार केला आणि खरे ते सांगितले. "माझं नाटक नाहीये, आजोबा."

तात्यासाहेबांनी वीणाला हाक मारली. ती आली, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, की या मुलाच्या केसांचा काही नवस आहे ना, मुंजीचा? वीणा काय बोलणार? होय म्हणाली. "मग फेडू या," तात्यासाहेब म्हणाले. "वैशाखात मुहूर्त आहेत. देवाचं देणं फार दिवस ठेवू नये."

मुंजीत केस जातात, हे मुलाला कोणी सांगितले नाही. विश्वनाथने सगळ्यांना तशी ताकीदच दिली. मुलाला सांगितले ते एवढेच, की तुला मुंडावळ्या बांधतील, गळ्यात हार घालतील, कपाळाला कुंकू लावतील, तू मधोमध पाटावर बसशील आणि सगळे तुझ्याकडे पाहतील. मुलाने विचारले, हात कोणी सोडणार नाही ना? नाही, असे विश्वनाथ म्हणाला. मूल तयार झाले. मुंजीच्या आधी आठवडाभर ते रोज सकाळी आरशासमोर उभे राहून कपाळाला दोरा बांधून पाही.

इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये मांडव घातला. करोल बागेतून गुरुजी आले. व्हिडिओवाला आला. वैजयंतीबाई जरीची साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. सकाळी मूल आईबरोबर एका ताटात जेवले. मुंजीत तसे जेवायचे असते. वीणाने घास भरवला, तो मुलाने खाल्ला, आणि ती रडू लागली. मुलाने तिचे डोळे पुसले. त्याला वाटले, सगळ्यांच्या आया या वेळी रडत असतील.

मग त्याला माझ्यावर बसवले आणि पाठीमागून न्हावी आला.

गुरुजी तसे प्रेमळ होते. ते म्हणाले, "आजकाल नुसती कात्री लावतात. दोन केस कापले तरी विधी होतो. पोराला उगीच त्रास नको."

हॉलमध्ये बसलेल्या पुष्कळ मुलांच्या मुंजी अशाच झाल्या होत्या. वीणाने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आशा आली. तात्यासाहेब म्हणाले, "नवस आहे, गुरुजी. वस्तराच लावा." आणि त्यांनी सुनेकडे पाहिले. नवस खोटा होता, हे आता सांगायचे, तर शंभर माणसांसमोर सांगावे लागले असते. वीणाने मान खाली घातली.

वस्तरा दिसला, तेव्हा मुलाला कळले. ते उठायला गेले. तात्यासाहेब पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी त्याचे डोके धरले. मुलाने माझ्या कडा पकडल्या. त्याची नखे माझ्या लाकडात रुतली. ते ओरडले नाही. हळू आवाजात म्हणत राहिले, आजोबा, नको, आजोबा, मी घालणार नाही परकर, आजोबा. म्हातारे सोडीनात. व्हिडिओवाला समोर वाकून म्हणाला, "बेटा, इधर देखो, थोडा स्माइल." कोणीतरी हसले. केस माझ्यावर पडू लागले. ते किती मऊ होते, हे मी कसे सांगू? ते आधी खांद्यावरून घसरत आणि मग माझ्या पितळी फुलांवर येऊन थांबत.

वैजयंतीबाई शेजारणीला म्हणाल्या, "बघ, आता कसा मुलगा दिसतोय."

मित्रांनो, माझ्या कडांवर ते नखांचे ओरखडे अजून आहेत. त्यानंतर मला कोणी सणाला काढले नाही. मी बाल्कनीत गेलो. आधी माझ्यावर कुंड्या ठेवल्या, मग बंद पडलेला कूलर ठेवला. उन्हाने मी एका बाजूला वाकलो आहे. पावसाळ्यात फुगतो, थंडीत आकसतो. पण मी लाकूड आहे. उद्या कोणी मला घासून, तेल लावून, सावलीत ठेवले, तर मी पुन्हा पहिल्यासारखा होईन. माझ्यासाठी तुम्ही एवढे केलेत तरी मी आभार मानीन.

पण माझे राहू द्या. तुम्ही जेव्हा फेर धराल, मग तो भोंडल्याचा असो की मधल्या सुट्टीतला, तेव्हा कोणी आपला हात पुढे केला, तर तो धरा. त्याने काय घातले आहे, हे पाहू नका. आपल्याला गडी कमी पडतात की पुरेसे आहेत, हे मोजून हात देऊ नका. आणि एकदा धरलेला हात कोणाच्या सांगण्यावरून सोडू नका. खिरापतीसाठी तर मुळीच नको.

आता त्या मुलाने पुढे काय केले, ते सांगतो.

त्याला अंघोळ घातली. लंगोट नेसवला, अंगावर उपरणे दिले, एका हातात पळसाचा दंड आणि दुसऱ्या हातात झोळी दिली. भिक्षेची वेळ आली होती. गुरुजींनी त्याला समजावून सांगितले, की बाळ, आता तू बटू आहेस, बटूने भिक्षा मागायची असते. ही भिक्षा बायकांकडे मागायची, तो त्यांचा मान. आणि बटूला कोणी रिकाम्या हाताने पाठवत नाही. भिक्षा मागायची ओळ त्याने बरोबर पाठ केली होती. तुळतुळीत डोक्याचे ते मूल आधी आईसमोर गेले. "ॐ भवति भिक्षां देहि," ते म्हणाले. वीणाने लाडू घातला. मावश्यांनी घातला, काकूंनी घातला. सगळ्या खुशीत होत्या.

मग ते वैजयंतीबाईंसमोर आले. ओळ म्हणाले, पण झोळी पुढे केली नाही. ती त्याने काखेत धरली.

"लाडू नको," ते म्हणाले. "मला फेरात घ्या."

वैजयंतीबाईंनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजी हळूच म्हणाले, "बाई, बटूने मागितलंय." वैजयंतीबाई हसल्या. वाकून त्यांनी काखेतली झोळी ओढली, तिच्यात लाडू टाकला आणि म्हणाल्या, "शहाणा हो. पुढे चल."

मूल वळले. बायकांच्या उरलेल्या रांगेवरून ते नुसतेच पुढे गेले आणि मांडव ओलांडून पुरुषांच्या बाजूला आले. तिथे पहिल्या खुर्चीवर तात्यासाहेब बसले होते. त्यांच्या धोतराला अजून केस चिकटलेले होते.

गुरुजी मागून म्हणाले, "अरे, इकडे नाही. बायकांकडे मागायचं."

"माहीत आहे," मूल म्हणाले.

त्याने दंड खाली ठेवला. खांद्यावरचे उपरणे दोन्ही हातांनी उचलून डोक्यावरून घेतले, कपाळाशी सारखे केले आणि कडा कानामागे खोचल्या, बायका पदर घेतात तसे. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला. मग झोळी उघडून त्याने आजोबांच्या पुढे धरली आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात बायकांसमोर म्हणायची तीच ओळ म्हणून त्यांच्याकडे भिक्षा मागितली.